जुनी सायकल : भंगार की भांडवल?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली व त्यांचे सुटे भाग यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. या निर्णयाचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. परंतु त्या निमित्ताने जी चर्चा झाली ती जवळजवळ सर्वस्वी नव्या सायकलींविषयी होती. नवी सायकल किती रुपयांनी स्वस्त होणार, विक्री कितपत वाढणार, कारखान्यांच्या मागणीला उठाव येणार की नाही, एवढ्याच प्रश्नांभोवती ती फिरत राहिली. करकपातीचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे सुट्या भागांवरील सवलत, फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. वस्तुतः ज्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तेथे नवी सायकल किती स्वस्त झाली याच्या इतकाच, किंबहुना त्याहूनही मोठा प्रश्न हा आहे, की घरात आधीच असलेल्या सायकलींचे आपण काय करणार आहोत?

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यासारख्या वस्तीत हा प्रश्न भिंतीला टेकून उभा असलेला दिसतो. घरोघर मोटारसायकल आली. तिच्यामागे, पडवीत किंवा जिन्याखाली, धूळ खात एक सायकल असते. ती सहसा आजोबांची काळी, उंच सायकल नसते. ती सायकल अजूनही दूधवाल्याच्या आणि मजुराच्या उपयोगात आहे. धूळ खात असते ती १९९० च्या दशकात व त्यानंतर घरात आलेली, सरळ हँडलाची, जाड टायरांची सायकल. हिरोच्या ‘रेंजर’मुळे या साऱ्या जातीलाच आपल्याकडे ‘रेंजर’ हे नाव पडले. नावाने ती डोंगरी सायकल. प्रत्यक्षात तिने शाळा, शिकवणी आणि बाजार यांपलीकडचा डोंगर क्वचितच पाहिला. मुलगा कॉलेजात गेला, गाडी आली, आणि सायकल निवृत्त झाली. आता ती भंगारवाल्याची वाट पाहत आहे.

या सायकलीचे दुसरे आयुष्य संभवते, हे सांगण्याचा येथे हेतू आहे. परदेशांत, आणि अलीकडे आपल्याकडील मोठ्या शहरांतही, काही हौशी मंडळी जुन्या डोंगरी सायकलीचे सरळ हँडल काढून तिला रेसिंग सायकलचे, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल बसवतात, गुळगुळीत टायर चढवतात, कॅरियर लावतात आणि तिला लांब पल्ल्याच्या प्रवासाची सायकल बनवतात. वरवर पाहता हा निव्वळ छंद आहे. परंतु छंदाच्या पोटात कित्येकदा अर्थशास्त्राचा एखादा चांगला धडा दडलेला असतो, आणि या छंदाच्या बाबतीत तसा तो आहे.

रूपांतराचा इतिहास

प्रथम एक ऐतिहासिक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. डोंगरी सायकल ही मुळातच जुन्या सायकलींच्या रूपांतरातून जन्माला आली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण १९३० व १९४० च्या दशकांतल्या, जाड टायरांच्या जड सायकली मोडीतून उचलून आणीत आणि डोंगरउतारावर पिटाळीत. त्यांना ते मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर बसवीत, पुढे गिअरही बसवू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे जी पहिली शर्यत झाली तिचे नाव ‘रीपॅक’. उतारावर मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. जो ब्रीझ याने १९७७ साली या कामासाठी खास फ्रेम घडवली; टॉम रिची व गॅरी फिशर यांनी १९७९ साली अशा सायकलींचा व्यवसाय मांडला; आणि १९८१ पासून मोठ्या प्रमाणावर त्यांचे उत्पादन सुरू झाले. म्हणजे ज्या वस्तूला आपण कारखान्याचे अपत्य समजतो, ती भंगाराच्या ढिगातून आणि दुरुस्तीच्या बाकावरून आलेली आहे. डोंगरी सायकलीवर वळलेले हँडल बसवणे हीही आजची लहर नव्हे. जॉन टोमॅक हा नामवंत अमेरिकन शर्यतपटू १९९० साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अशाच हँडलाच्या डोंगरी सायकलीवर उतरला होता.

मग जुनीच डोंगरी सायकल या कामाला का लागते? कारण १९८० व १९९० च्या दशकांतील या सायकलींत प्रवासाला लागणारे बहुतेक गुण आधीच आहेत. फ्रेम पोलादाची असते; तिला तडा गेला तर तो गावच्या वेल्डरलाही जोडता येतो. पुढच्या चिमट्यात स्प्रिंगचे लटांबर नसते. मागचे चाक पायडलपासून पुरेसे दूर असल्याने कॅरियरवरच्या पिशव्यांना टाच लागत नाही. जाड टायर मावेल एवढी मोकळी जागा असते. गिअरच्या सायकलीत चढावर उपयोगी पडणारे हलके गिअरही असतात. आमगाव-सालेकशाकडे जाताना डांबराची कड तुटलेली लागते, पुढे मुरूम लागतो, दरेकसाच्या बाजूस चढ लागतात. अशा रस्त्याला शर्यतीची बारीक चाकांची सायकल टिकत नाही आणि उंच काळ्या सायकलीला चढ झेपत नाही. मधली वाट या जुन्या फ्रेममध्ये आहे.

वळलेल्या हँडलाचा लाभ वेगाचा नाही, तो हातांचा आहे. सरळ हँडलावर तळहात एकाच जागी एकाच कोनात राहतात. चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर मनगट भरून येते आणि बोटांना मुंग्या येतात. वळलेल्या हँडलावर हात ठेवण्याच्या तीन-चार जागा मिळतात, आणि समोरून वारा असला तर खाली वाकता येते. रोज पाच किलोमीटर जाणाऱ्याला याची काहीही गरज नाही. ज्याला शंभर किलोमीटर जायचे आहे, त्याला मात्र ती भासू लागते.

अडते कोठे?

हे रूपांतर वाटते तितके सोपे नाही. आणि ते कोठे अडते हे पाहणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. पहिली अडचण मापाची. डोंगरी सायकलची फ्रेम आडव्या अंगाने लांब असते. वळलेल्या हँडलावर हात आणखी आठ-दहा सेंटिमीटर पुढे जातात. म्हणून हँडलाला धरून ठेवणारा स्टेम आखूड व उंच घ्यावा लागतो. नाही तर पाठ मोडून निघते. दुसरी अडचण नळीच्या जाडीची. सरळ हँडलाची नळी मुठीपाशी २२.२ मिलिमीटर, तर वळलेल्याची २३.८ मिलिमीटर. फरक दीड मिलिमीटरचा. पण तेवढ्याने जुने ब्रेक लिव्हर आणि गिअरचे खटके निरुपयोगी ठरतात. तिसरी अडचण केवळ खर्चाची नाही, ती जिवाची आहे. १९९६ साली शिमानो कंपनीने आणलेल्या ‘व्ही’ पद्धतीच्या ब्रेकला तार जवळजवळ दुप्पट ओढावी लागते. त्याला साधा रेसिंगचा लिव्हर जोडला, तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबूनही ब्रेकशू रिंगला पुरेसे आवळत नाहीत, आणि ऐन उतारावर सायकल थांबत नाही. त्याआधीचे कँटिलिव्हर ब्रेक किंवा आपल्या साध्या रेंजरचे कात्रीसारखे ब्रेक मात्र या लिव्हरशी जुळतात. म्हणजे येथे जुनी सायकल नवीपेक्षा अधिक सोयीची ठरते. गिअरचेही तसेच. ‘टक्-टक्’ असा आवाज करीत ठरावीक जागी थांबणारा खटका विशिष्ट गिअरसंचाशीच जुळतो. घर्षणावर चालणारा जुन्या पद्धतीचा साधा दांडा मात्र जवळजवळ कोणत्याही संचाशी जमवून घेतो.

चौथी अडचण टायरची, आणि ती सर्वांत बोलकी आहे. दुकानात ‘२६ चा टायर द्या’ म्हटले की काम होईल असे ग्राहकाला वाटते. पण २६ या एकाच नावाखाली निदान तीन निराळी मापे वावरतात. डोंगरी सायकलच्या रिंगचे टायर बसण्याच्या जागेचे माप ५५९ मिलिमीटर. जुन्या २६ गुणिले दीडचे ५८४. आणि २६ गुणिले एक तीन-अष्टमांशाचे ५९०. नाव एक, वस्तू तीन, आणि एकीचा टायर दुसरीला बसत नाही. टायरच्या कडेवर हा मिलिमीटरचा आकडा छापण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, परंतु तो वाचण्याची सवय ना ग्राहकाला, ना सर्वच दुकानदारांना.

या चारही अडचणींचे मूळ एकच आहे. एका वस्तूचा भाग दुसरीला बसतो की नाही यावर तिचे आयुष्य ठरते. आपली काळी सायकल पन्नास-पन्नास वर्षे चालली ती केवळ मजबुतीमुळे नव्हे. १९४९ साली मद्रासेत सुरू झालेली टी. आय. सायकल्स, १९५१ ची सोनिपतची अ‍ॅटलस, १९५६ ची लुधियानाची हिरो, अशा कंपन्यांची चढाओढ होती खरी; पण कोनापासून कटोरीपर्यंत आणि एक्सलपासून कॉटर पिनपर्यंत बहुतेक भाग ब्रिटिश धाटणीच्या एकाच ठरीव मापाचे होते आणि लुधियानातील असंख्य लहान कारखाने ते बनवीत होते. त्यामुळे एका कंपनीचा भाग दुसरीच्या सायकलला बसे आणि तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळे. समान माप ही एक सार्वजनिक संपत्ती होती. तिचे भाडे कोणी देत नव्हते, लाभ मात्र सर्वांना होत होता. नव्या महागड्या सायकलींत प्रत्येक कंपनी आपापले माप काढते तेव्हा ही संपत्ती खासगी मालकीत जाते आणि ग्राहक त्या कंपनीला बांधला जातो.

किंमत आणि मोल

आता हिशेब पाहू. भंगारवाला सायकल किलोवर घेतो. समजा, सायकल सोळा किलोची आहे आणि भाव किलोला तीस रुपये आहे. हाती चारशे ऐंशी रुपये येतील. हिशेबनिसाच्या वहीत तर घसाऱ्यापोटी तिची किंमत केव्हाच शून्य झालेली असते. याउलट वळलेल्या हँडलाची, खडबडीत रस्त्याला चालेल अशी नवी सायकल आज सहसा चाळीस-पन्नास हजारांच्या घरात सुरू होते. या दोन टोकांच्या दरम्यान रूपांतराचा खर्च पडतो. हँडल, स्टेम, लिव्हर, तारा, टायर, नवी चेन, छर्रे आणि कारागिराची मजुरी मिळून तो नव्या सायकलीच्या किमतीचा एक लहान हिस्सा असतो. मात्र भंगाराच्या भावाच्या कितीतरी पट असतो. म्हणून केवळ विनिमयमूल्य पाहणारा म्हणेल, चारशे ऐंशीच्या वस्तूवर हजारो रुपये का घालावेत? अ‍ॅडम स्मिथने पाणी आणि हिरा यांच्या उदाहरणाने उपयोगमूल्य व विनिमयमूल्य यांतील भेद सांगितला, त्याला अडीचशे वर्षे होत आली. बाजारात कवडीमोल ठरलेली फ्रेम उपयोगाच्या दृष्टीने अजून वीस वर्षांची भांडवली वस्तू असू शकते. ती भांडवल आहे की भंगार, हे तिच्यावर ठरत नाही; तिला जोडता येणारे भाग आणि ते जोडणारे हात गावात आहेत की नाहीत, यावर ते ठरते.

खर्च कोठे जातो हेही पाहिले पाहिजे. नव्या सायकलीच्या किमतीतला मोठा वाटा दूरच्या कारखान्याकडे, वाहतुकीकडे आणि जाहिरातीकडे जातो. रूपांतराच्या खर्चात मजुरीचा वाटा मोठा. चाकाची आउट काढणे, कटोरी बदलणे, चिमटा सरळ करणे ही कामे गोंदियातच होतात आणि त्यांची मजुरी गोंदियातच खर्च होते. आपली राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी मात्र येथे थोडी फसवी आहे. सायकल भंगारात घालून नवी घेतली, तर उत्पन्नात मोठा आकडा चढतो. जुनी घरीच दुरुस्त केली, तर सुट्या भागांपलीकडे काहीही मोजले जात नाही. पहिल्या प्रकारात देश अधिक श्रीमंत झाल्यासारखा दिसतो. एका चांगल्या पोलादी फ्रेमने तो गरीब झालेला असतो, पण हे कोणत्याही रकान्यात येत नाही.

आक्षेप

येथे काही आक्षेप संभवतात. पहिला हा, की हा सुखवस्तूंचा खेळ आहे. तांदळाच्या गिरणीत जाणाऱ्या मजुराला वळलेल्या हँडलाशी काय कर्तव्य? हे खरे आहे, आणि त्याने ते बसवावे असे कोणीही म्हणणार नाही. पण ज्या कारागिराचे ज्ञान आणि ज्या दुकानातले सुटे भाग हौशी माणसाला लागतात, तेच मजुरालाही लागतात. हौशी गिऱ्हाईक चार पैसे जास्त देते, त्यामुळे ते दुकान टिकते. आज धोका असा आहे, की सायकल दुरुस्त करणारी पिढी उतारवयाला लागली असून तिची मुले मोटारसायकलच्या कामाकडे वळत आहेत. दुकान बंद झाले, तर पहिला फटका हौशी माणसाला बसणार नाही. तो भाग शहरातून मागवील. फटका मजुराला बसेल.

दुसरा आक्षेप कारखान्यांतील रोजगाराचा. जुन्या सायकली चालत राहिल्या तर नव्या कोण घेणार? १९८६ साली ज्या देशातील हिरो कंपनीची जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात नोंद झाली, त्याच देशात अ‍ॅटलसने आपला साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद केला. ही वेदना खोटी नाही. परंतु सायकलीच्या मागणीला ग्रहण लागले ते जुन्या सायकली दुरुस्त झाल्यामुळे नव्हे. मोटारसायकल आली आणि रस्त्यावरून सायकलचा मान गेला, म्हणून ते लागले. रस्त्यावर सायकली जितक्या अधिक, तितकी सायकलीला जागा आणि प्रतिष्ठा अधिक. आणि त्यातूनच नव्या सायकलींचीही मागणी वाढते.

तिसरा आक्षेप असा, की लांब पल्ल्याला लाखाची सायकलच हवी. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करण्याची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून विदर्भातील तरुणांत या पल्ल्याचे आकर्षण आहे. त्या पातळीवर उत्तम यंत्र लागते, यात शंका नाही. परंतु हौशी सायकलस्वारांसाठी असलेल्या ब्रेव्हे या उपक्रमात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास दिलेले असतात. थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटरहूनही किंचित कमीच वेग पडतो. नियम दिव्यांची आणि चमकणाऱ्या पट्ट्याची चौकशी करतात. सायकलीच्या किमतीची करीत नाहीत. मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तरुण १९२३ ते १९२८ या काळात त्या वेळच्या पोलादी सायकलींवरच जगाला वळसा घालून आले होते.

करता येण्यासारखे

यातून धोरणाच्या दृष्टीने चार गोष्टी निघतात. पहिली : सुट्या भागांच्या मापांबाबत भारतीय मानकांची अंमलबजावणी काटेकोर व्हावी, आणि टायर विकताना मिलिमीटरचे माप ठळकपणे सांगितले जावे. दुसरी : औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सायकल दुरुस्तीचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम असावा, त्यात चाक बांधण्यापासून ब्रेकच्या जुळणीपर्यंत सर्व शिकवावे. तिसरी : केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विषय हाती घेतला, त्यात शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे व मोटारी यांचा विचार झाला. गरिबाच्या वाहनाचाही त्या यादीत समावेश व्हावा. चौथी : फ्रान्सने मे २०२० मध्ये पडून असलेली सायकल दुरुस्त करण्यासाठी ५० युरोपर्यंतचे साहाय्य देऊ केले, आणि त्यातून दहा लाखांहून अधिक सायकली पुन्हा रस्त्यावर आल्या. आपली ऐपत तेवढी नसेल, पण कल्पना उसनी घ्यायला पैसे पडत नाहीत.

या कल्पनेला आपल्याकडे एक तयार जागा आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. बिहारच्या २००६ मधील अशाच योजनेचा कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींच्या प्रमाणात ३२ टक्क्यांची वाढ झाल्याचे आढळले. सायकल एवढे करू शकते. पण ती चालू असेल तरच. सायकल देण्याची जशी तरतूद असते, तशीच ती दर वर्षी तपासून, कोन-कटोरी बदलून चालू ठेवण्याचीही असली पाहिजे. आणि मुलगी बारावी झाल्यावर तीच सायकल धाकट्या बहिणीच्या उंचीला जुळवून देण्याची सोय गावातच मिळाली पाहिजे. वळलेले हँडल बसवणारा हौशी तरुण आणि बहिणीची सायकल जुळवून घेणारी शाळकरी मुलगी यांची गरज अखेर एकच आहे. बसणारा भाग आणि तो बसवणारा माणूस, दोन्ही जवळपास असावेत.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की जिन्याखालची रेंजर विकण्यापूर्वी एकदा बाहेर काढून पुसावी. फ्रेमच्या सांध्यांना तडा आहे का, तळाशी गंज किती खोल गेला आहे, ब्रेक कोणत्या जातीचे आहेत, टायरच्या कडेवर कोणता आकडा आहे, हे पाहावे. फ्रेम पोखरलेली असेल, तर मोह न धरता ती भंगारात घालावी. मेलेल्या लोखंडावर पैसा ओतणे यालाही काटकसर म्हणत नाहीत. ती शाबूत असेल तर मात्र कारागिराकडे न्यावी आणि शेजारी बसून काम पाहावे. वस्तू बनवणारे हात मोजके असतात, विकत घेणारे पुष्कळ असतात. ती टिकवून ठेवणारे हात किती आहेत, यावर समाजाची खरी संपत्ती मोजली पाहिजे. करकपातीने भाग स्वस्त केले आहेत. ते बसवणारे हात गावातून नाहीसे होऊ न देणे, हे आता आपल्याकडे आहे.